बोर्ड ट्रॅकरला ब्रेक हवाच

जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांत एक मत इतके पक्के रुजले आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्याकडे मंडळी जरा कीव केल्यासारखी पाहतात. मत असे, की शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवर धावणारी रेसर, म्हणजे बोर्ड ट्रॅकर, ही मोटारसायकलीची सर्वांत शुद्ध अवस्था होती. इंजिन, दोन चाके, टाकी आणि सीट. ब्रेक नाही, गिअर नाही, शॉकअप नाही, मडगार्ड नाही. नको ते सगळे काढून टाकले की उरते ते सुंदर असतेच, आणि ही गाडी त्याचा पुरावा. तेव्हा आज त्या धर्तीची कस्टम गाडी बांधणाऱ्याने काढता येईल तितके काढावे. पुढच्या चाकाला ब्रेक लावणाऱ्याने तडजोड केली, आणि मागे शॉकअप ठेवणाऱ्याने तर बोर्ड ट्रॅकर बांधलीच नाही!

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडणे ही आपली जुनी रीत, आणि या पूर्वपक्षात दम आहे. १९११ची इंडियन कंपनीची आठ व्हॉल्व्हची रेसर किंवा मिनेसोटात सेंट पॉलला बनलेली पिवळी सायक्लोन ज्याने फोटोत तरी पाहिली आहे, त्याला हे मत पटवून द्यावे लागत नाही. दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये लटकवलेली लांबट टाकी, सांगाड्याची सगळी जागा व्यापून बसलेले व्ही-ट्विन इंजिन, सीटच्या खाली गेलेले हँडल, सायकलीला शोभतील अशी उंच बारीक चाके. उभी असतानाही गाडी पुढे झेपावल्यासारखी दिसते. २०१५ साली लास वेगासच्या लिलावात एका सायक्लोनला साडेआठ लाख डॉलर मोजले गेले, ते काही केवळ हौसेपोटी नव्हेत. शिवाय पूर्वपक्षाच्या हाती एक हुकमाचे पान आहे. स्पीडवेच्या गाड्यांना आजही ब्रेक नसतो. मग बोर्ड ट्रॅकरलाच तो कशाला? या पानाकडे मी पुढे येणार आहे.

माझे म्हणणे असे की या मताने कार्य पाहिले, कारण पाहिले नाही. त्या गाडीचा उघडावाघडा देह कुणा कारागिराच्या सौंदर्यदृष्टीतून किंवा साधेपणाच्या व्रतातून आलेला नव्हता. गाडी अर्धीच होती. उरलेली अर्धी गाडी म्हणजे तो ट्रॅक. संग्रहालयातल्या आणि छायाचित्रांतल्या गाडीला ट्रॅक जोडलेला नसतो, म्हणून आपल्याला अर्धी गाडी पूर्ण वाटते.

आधी काळाचा मुद्दा निकालात काढू. त्या काळी तंत्रच तेवढे होते, म्हणून गाड्या साध्या होत्या, असे सर्रास सांगितले जाते. पण मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या ज्या कारखान्यात इंडियनच्या या रेसर बनत, तिथूनच १९१३ साली मागच्या चाकाला पात्यांच्या स्प्रिंगा असलेली रस्त्यावरची गाडी बाजारात आली. पुढच्याच वर्षी, १९१४ला, ‘हेंडी स्पेशल’ आली. तिला विजेचे दिवे तर होतेच, वर विजेवर चालणारा स्टार्टरही होता. आपल्याकडे बटण दाबून मोटारसायकल सुरू करण्याची चैन सर्रास यायला त्यानंतर किती दशके गेली ते वाचकांना ठाऊक आहे. म्हणजे ब्रेक, क्लच, दोन गिअर, स्प्रिंगा हे सगळे त्या लोकांना येत होते, ते विकतही होते. रेसरवर त्यांनी ते मुद्दाम लावले नाही. का लावले नाही, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तरासाठी लाकडी ट्रॅक सोडून थोडा वेळ आइल ऑफ मॅनला जाऊ. १९११ साली तिथली टीटी शर्यत पहिल्यांदा स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या साडेसदतीस मैलांच्या रस्त्यावर झाली. चढ, उतार, वळणे, खडी आणि धूळ. त्या वर्षी सीनिअर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक इंडियनने पटकावले. गॉडफ्रे, फ्रँकलिन आणि मूरहाउस हे ते तीन स्वार. त्यांच्या गाड्यांना साखळीची ड्राइव्ह आणि दोन वेगांचा गिअर होता, आणि डोंगराने त्याच गिअरला कौल दिला. याच शर्यतीत इंडियनतर्फे जेक डीरोझिएही उतरला होता. अमेरिकेच्या फळ्यांवरचा तो त्या वेळचा अनभिषिक्त राजा. पहिल्या फेरीत आघाडीवर राहिला, मग पडला, आणि दुरुस्तीला बाहेरची हत्यारे वापरली म्हणून शेवटी बाद ठरला. तोच डीरोझिए काही दिवसांनी इंग्लंडमध्येच ब्रुकलँड्सच्या उतरत्या काँक्रीट ट्रॅकवर मॅचलेसच्या चार्ली कॉलिअरशी भिडला आणि तीनपैकी दोन शर्यती जिंकून आला. वर्ष एक, कारखाना एक, स्वार एक. रस्ता बदलला की निकाल बदलला. शुद्ध गाडी अशी काही चीज असती तर ती दोन्हीकडे जिंकली असती.

आता ट्रॅक. हे ट्रॅक बांधणारा प्रमुख माणूस जॅक प्रिन्स. मूळचा इंग्रज, आणि पेशाने एकेकाळचा उंच चाकाच्या सायकलीवरचा शर्यतपटू. त्याने आधी सायकलींसाठी लाकडी वेलोड्रोम बांधले आणि १९०९-१०च्या सुमारास लॉस एंजेलिसला त्याच धर्तीवर मोटारसायकलींसाठी मोठे ट्रॅक उभे केले. दोन बाय चारच्या फळ्या काठावर उभ्या ठेवून एकमेकींना खिळ्यांनी जोडायच्या, म्हणजे पृष्ठभागावर फळीची अरुंद कड येते. छोट्या ट्रॅकवर उतार साठ अंशांच्या घरात जाई. इंडियनचा संस्थापक जॉर्ज हेंडी स्वतः सायकल शर्यतींतला, आणि त्याचा अभियंता ऑस्कर हेडस्ट्रॉम आधी वेलोड्रोमवर सायकलस्वारांपुढे धावणाऱ्या मोटारसायकली बनवायचा. खाली वळलेले हँडल, बारीक चाके, ताठ फोर्क हा सगळा सायकलीकडून आलेला वारसा आहे. ज्याला आज आपण मोटारसायकलीची आदिम शुद्धता म्हणतो, ती मुळात सायकलीच्या ट्रॅकची नक्कल होती.

साठ अंशांचा उतार म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. गणित अवघड नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात उतरता रस्ता आणि ‘मौत का कुआँ’ दोन्ही शेजारीशेजारी येतात. समजा, ट्रॅक एक तृतीयांश मैलाचा आणि पूर्ण गोल आहे. त्रिज्या साधारण ८५ मीटर. गाडीचा वेग ताशी ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटर. या वेगाला घर्षणाची मदत न घेता वळायचे तर उतार सुमारे ६३ अंशांचा हवा. म्हणजे प्रिन्सचा उतार त्या गाडीच्या वेगाला बरोबर बसतो! ट्रॅकच गाडीला वळवतो. स्वाराने गाडी फळ्यांच्या काटकोनात धरायची, झुकवायची नाही. फेरी तेरा-चौदा सेकंदांत संपते आणि सबंध फेरीत वेग कमी करण्याची जागाच येत नाही. उलट अशा उतारावर वेग फार उतरला तर गाडी खाली घसरेल. ब्रेक हे तिथे अनावश्यक नव्हे, धोक्याचे उपकरण ठरते. थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद करायचे, फेऱ्या मारत वेग उतरू द्यायचा आणि हळूहळू तळाच्या सपाट पट्टीवर यायचे. ब्रेकचे काम ट्रॅकची लांबी करत होती.

या गणिताचा आणखी एक निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. त्या वेगाला आणि त्या उताराला गाडीवरचा भार दुपटीहून थोडा वाढतो. सत्तर किलोचा स्वार सीटवर दीडशे किलोचा होतो, आणि तेवढाच जादा भार त्या बारीक टायरवर येतो. टायर फुटून कितीतरी स्वार पडले असतील तर नवल वाटू नये.

बाकीच्या ‘नसण्यां’चा हिशेबही असाच लागतो. बऱ्याच रेसरना चालू-बंद करण्यापलीकडे वेग आवरण्याची सोय नसे. कार्ब्युरेटर पूर्ण उघडा, आणि हँडलवर मॅग्नेटोची ठिणगी तोडणारे बटण. ते दाबले की इंजिन मुके, सोडले की पुन्हा गर्जना. गिअर एकच, कारण वेग एकच. क्लच नाही, कारण गाडी ओढून किंवा ढकलून एकदाच सुरू करायची. तेल फिरून परत येत नसे. स्वार हाताने पंप मारत इंजिनात तेल सोडी आणि जळून-गळून ते फळ्यांवर पडे. मागून येणाऱ्याचे चाक त्या तेलावरून जाई. शुद्धतेची आरती करणाऱ्यांनी या तेलाचा एकदा विचार करावा.

पांढऱ्या टायरांचा मामला तर गमतीचा आहे. आज बोर्ड ट्रॅकर म्हटली की पांढरे टायर हवेतच, नाहीतर गाडी ‘बसत नाही’. त्या काळचे टायर फिकट दिसत कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. काजळीची भुकटी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली की टायर कितीतरी जास्त टिकतो हे त्याच दशकात उद्योगाच्या पचनी पडले आणि टायर काळे झाले. रबरातल्या एका मिश्रणाच्या रंगाला आज आपण शैलीचा नियम करून बसलो आहोत. नियम करायला माझी हरकत नाही. पांढरा टायर मलाही आवडतो. फक्त त्याला अस्सलपणाचा दाखला म्हणू नये.

आणि अस्सलपणाची किंमत कोणी दिली, तेही पाहिले पाहिजे. ८ सप्टेंबर १९१२. न्यू जर्सीतल्या नूअर्कमधला व्हेल्सबर्गचा मोटरड्रोम, म्हणजे असाच लाकडी ट्रॅक. टेक्सासचा तरुण एडी हाशा आघाडीवर होता. त्याच्या गाडीने मध्येच कुरकुर केली, त्याने खाली हात घालून काहीतरी केले, आणि गाडी एकदम उसळून उताराच्या वरच्या काठाला भिडली. प्रेक्षकांच्या जागा नेमक्या तिथेच, काठाच्या वर, कारण वाटीसारख्या ट्रॅकमध्ये वरून डोकावून पाहण्यात गंमत होती. कठड्यावरून माना बाहेर काढून पाहणारी मुले गाडीखाली सापडली. हाशा गेला. गाडी उतारावरून गडगडत खाली आली आणि दुसरा स्वार, जॉनी अल्ब्राइट, तिच्यापायी गेला. या ट्रॅकना वर्तमानपत्रे ‘मर्डरड्रोम’ म्हणू लागली. डीरोझिएही लॉस एंजेलिसच्या फळ्यांवर १९१२ साली झालेल्या अपघाताच्या जखमांनी पुढच्या वर्षी दगावला.

यात गाडीला ब्रेक असता तर हाशा वाचला असता, असा माझा दावा मुळीच नाही. त्या उतारावर, त्या क्षणी ब्रेकने काही झाले नसते. मुद्दा वेगळा आहे. ती गाडी, तो उतार आणि काठावरची तिकिटे हे मिळून एक यंत्र होते, आणि ते यंत्र तमाशाच्या धंद्यासाठी जुळवलेले होते. तिकीट विकणाऱ्याला वेग हवा होता, उतार उंच हवा होता, प्रेक्षक जवळ हवा होता. या व्यवस्थेने गाडीला जे रूप दिले त्याला साधेपणाचे तत्त्वज्ञान म्हणणे म्हणजे सर्कशीतल्या झुल्याखाली जाळी नाही हे पाहून संन्यासाची आठवण काढण्यासारखे आहे. पुढे याच फळ्यांवर वेग आणखी वाढला. १९२१च्या फेब्रुवारीत फ्रेस्नोला ऑटो वॉकरने हार्ले-डेव्हिडसनवर ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने शर्यत जिंकली. पण लाकूड पावसात कुजत होते. दहा वर्षांच्या आत हे ट्रॅक जवळजवळ नामशेष झाले. मोठ्या ट्रॅकवर वरून मोटारी धावत असताना खालून सुतार तुटलेल्या फळ्या बदलत, असे वर्णन आढळते. त्या सुताराचे चित्र कुठल्याच कस्टम गाडीच्या टाकीवर मी पाहिलेले नाही.

आता ते हुकमाचे पान. स्पीडवेच्या गाड्यांना ब्रेक नसतो, खरे आहे. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरही कितीतरी वर्षे नव्हता. पण त्याचे कारण शोधले तर पान आमच्याच हातात येते. बंद ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाच्या आसपास आणि एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर आदळतो. शिवाय सुट्या मातीवर गाडी आडवी घसरवून वेग मोडता येतो. घसरणे हाच तिथला ब्रेक. म्हणजे इथेही ‘ब्रेक नाही’ हा त्या जागेचा, त्या खेळाचा नियम झाला. समोरून ट्रक, मध्ये म्हैस आणि कडेला शाळा सुटलेली, अशा ठिकाणी तोच नियम लावणारा माणूस परंपरा पाळत नाही, तिची फक्त नक्कल करतो.

खंडन एवढे पुरे. मग बांधायचे काय?

पुण्यातल्या एका गॅरेजात एन्फिल्डच्या इंजिनावर बोर्ड ट्रॅकर चढत होती. तरुण मेस्त्री, हात फार चांगला. टाकीच्या पत्र्याला दिलेला गोलवा बोट फिरवून पाहावा असा; वेल्डिंगची ओळ माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. पुढच्या हबकडे बोट दाखवून मी विचारले, “इथे ब्रेक कधी?” तो म्हणाला, “काका, ब्रेक लावला की लाइन जाते.” त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण लाइन खरोखर जाते. जाड टेलिस्कोपिक फोर्क आणि बशीएवढी डिस्क त्या बारीक चाकाशेजारी विजोड दिसते. पण उपाय नाही असे नाही. उंच रिमच्या मध्यभागी जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक बसतो, दुरून तो निव्वळ मोठा हब वाटतो. जुन्या धाटणीचा गर्डर फोर्क घेतला तर त्याची वरची स्प्रिंग त्या काळाशी विसंगत वाटत नाही. अडचण आहे ती कामात: ड्रमचा टॉर्क आर्म फोर्कला नीट अडकवायला हवा, नाहीतर जोराच्या ब्रेकला ब्रेकची प्लेटच फिरेल. ही कारागिराची परीक्षा आहे. ब्रेक काढून टाकणे हा या परीक्षेला दांडी मारण्याचा प्रकार आहे.

मागच्या शॉकअपचेही तेच. ताठ मागची चेसिस म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरचा धक्का थेट सीटच्या नळीच्या वेल्डिंगवर, आणि तिथून मणक्यावर. मात्र ताठ दिसणे आणि ताठ असणे या दोन गोष्टी आहेत. हार्लेने १९८४च्या सॉफ्टेलमध्ये शॉकअप गाडीच्या पोटाखाली दडवले. मागची त्रिकोणी रेषा जुन्या ताठ चेसिससारखीच राहिली. आणि कुणाला हे फार अलीकडचे वाटत असेल, तर १९१३च्या इंडियनच्या पात्या आहेतच. परंपरेचा आधार हवा असणाऱ्याला तो शंभर वर्षांमागे मिळतो.

हँडल खाली किती न्यायचे, हा खरा अवघड प्रश्न. फळ्यांवर ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या छातीखाली वारा असे. वाकलेल्या धडाचा बराच भार तो वारा पेलत असे. चाळीसच्या वेगाला वाऱ्याचा जोर त्याच्या तेराव्या हिश्श्याइतका उरतो, आणि धडाचा भार मनगटांवर येतो. सिंहगड रोडवरच्या एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत असे जाऊन पाहावे, म्हणजे कळेल. हँडल चार बोटे वर घेतले, पण टाकीची आडवी रेषा, इंजिनाचा मध्यवर्ती ठसा आणि चाकांची उंची सांभाळली, तर गाडीची ओळख कणभरही बिघडत नाही. माझ्या मते बोर्ड ट्रॅकरपासून घ्यायचे ते हे तीन गुण. बाकी सगळे ट्रॅकचे होते, ट्रॅकबरोबर गेले.

“मग तिला बोर्ड ट्रॅकर कशाला म्हणता?” असा टोमणा येईल. तर वारसा नुसत्या दिसण्याने ठरत नाही. त्या मोटरड्रोमची एक शाखा आजही आपल्या डोळ्यांसमोर जिवंत आहे. अमेरिकेतल्या जत्रांत या ट्रॅकच्या छोट्या, उचलून नेता येतील अशा आवृत्त्या निघाल्या, मग त्यांच्या भिंती उभ्या झाल्या, आणि तो खेळ जगभर फिरत आपल्या उरुसा-जत्रांत ‘मौत का कुआँ’ होऊन आला. फळ्यांचा तो खडखडाट, वर कठड्यावरून डोकावणारी गर्दी, नोटा हवेत धरणारे हात. तिथे धावणारी गाडी बहुधा एखादी जुनी, हलकी, खरडलेली मोटारसायकल असते. ना पांढरे टायर, ना लांबट टाकी. तिला अस्सल म्हणावे का, असा प्रश्न तिथल्या स्वाराला पडत नाही. भिंतीला जे लागते ते त्याने ठेवले आहे. फळ्यांच्या रेसरचा वारस शोधायचाच असेल तर माझा कौल त्या गाडीला.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तो विषय वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केला. निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. चेसिस कापून बांधलेली बोर्ड ट्रॅकर त्यामुळे आपल्याकडे खाजगी आवारापुरती आणि प्रदर्शनापुरतीच उरते. तरीही रविवारी पहाटे त्या गाड्या हमरस्त्यावर दिसतात, हे आपण सगळे जाणतो. ज्या देशांत अशी गाडी रीतसर नोंदवता येते तिथे तर ती चालणारच. चालणार असेल तर तिला थांबता आले पाहिजे.

म्हणून कस्टम गाड्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसणाऱ्यांना एक विनंती. बोर्ड ट्रॅकरच्या वर्गात गुण देण्याआधी रंग, पांढरे टायर आणि ‘लाइन’ बाजूला ठेवा. गाडी मैदानात चालवायला लावा, ताशी पन्नासला नेऊन खुणेच्या रेघेवर थांबवायला सांगा. थांबली तर गुण द्या, नाही थांबली तर पारितोषिक देऊ नका.